अलमासच्या आडोशाला

अलमासचं कॉलरबोन मी मोडलं. आधीच सांगतो, हात लावला नाही. जे केलं ते काँक्रीटने केलं, आणि तेही समाजसेवा म्हणून.

त्याचं असं झालं. डिसेंबरात महाळुंग्यातल्या आमच्या घरावर वरच्या खोलीचा स्लॅब टाकला. संध्याकाळी गवंडी सोनबा खाली आला आणि म्हणाला, "साहेब, सात-आठ घमेली माल उरलाय. काय करायचं त्याचं?" आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. ज्याच्या घराचा स्लॅब, त्याच्या दारापुढे स्पीडब्रेकर. कोणता स्पीडब्रेकर कोणाच्या दुसऱ्या मजल्यातून उरलेला, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना पाठ आहे. आमच्या दारावरून टेम्पो फार जोरात जातात अशी माझी तक्रार होतीच. मी म्हणालो, "टाक दारात."

तीस वर्षं मी कंपनीत क्वालिटीला काढली, आधी भोसरीत आणि मग चाकणला. केसाच्या जाडीपेक्षा बारीक फरकावरून मी अख्खी ट्रॉली परत पाठवलेली आहे. पण त्या संध्याकाळी या माणसाने स्पीडब्रेकरची उंची मोजली नाही, त्यावर पांढरे पट्टे मारले नाहीत, कडेला साधी वीटही ठेवली नाही. जेवून समाधानाने झोपलो.

सकाळी सहाला चहाचा पहिला घोट घेतला आणि बाहेर पातेलं आपटावं तसा आवाज झाला. धावत गेलो. गॅरेजवाल्या जहीरभाईंची अलमास रस्त्यावर बसली होती. उजव्या हाताने डावा खांदा धरलेला, सायकल तीन हात पुढे. तिने मान वळवून काँक्रीटच्या त्या टेकाडाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "काका, हा काल नव्हता."

"नव्हता खरा," मी म्हणालो. "कोणी टाकला कोण जाणे. लोकांना अक्कल म्हणून नसते."

नेमका तेव्हाच सोनबा पाण्याचा पाइप घेऊन स्लॅबवर पाणी मारायला आला होता. तो वरून कौतुकाने ओरडला, "आमीच टाकला की, साहेब! तुमीच न्हाई का म्हणलात, दारात टाक म्हणून?"

तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, मोडलंय, सहा आठवडे. अलमासने बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "सायकलवर कधी?" डॉक्टरांनी सहा आठवडे पुन्हा एकदा म्हटलं. तिने पुन्हा बोटं मोजली. चौदा फेब्रुवारीला तिचं विमान होतं.

आता ही कोण, ते सांगायला हवं. अलमास तेवीस वर्षांची आहे आणि बेल्जियममध्ये सायकलच्या शर्यती खेळते. सायकलवर बसून पोट भरणारी माणसं आमच्याकडे पूर्वी पुष्कळ होती. दूधवाले होते, पाववाले होते, कंपनीचे वॉचमन तर अजून आहेत. पण त्यासाठी परदेशी जावं लागतं हे आम्हाला नवीन होतं.

जहीरभाईंचं गॅरेज मूळचं कासारवाडीचं, रेल्वे स्टेशनाजवळचं. इकडे कारखाने वाढले आणि कामगारांच्या मोटरसायकली वाढल्या, तसं ते महाळुंग्यात आलं. वॉचमन लोकांच्या सायकलीही तिथेच दुरुस्तीला यायच्या. अलमास बारा वर्षांची असताना दुरुस्त सायकल "ट्रायल मारून येते" म्हणून घेऊन जायची. सुरुवातीला ट्रायल कोपऱ्यापर्यंत असायची. मग ती कोपऱ्यामागच्या कोपऱ्यापर्यंत गेली. एके दिवशी एका वॉचमनची सायकल घेऊन ती दोन तास गायब झाली. वॉचमन गॅरेजसमोर उभा, ड्यूटीची वेळ टळलेली, जहीरभाई त्याला तिसरा चहा पाजतायत. बाईसाहेब घामाने निथळत आल्या आणि म्हणाल्या, "अब्बा, देहूपर्यंत ब्रेक छान लागतो. येताना जरा वाजतो." जहीरभाई सांगतात, त्या दिवशी त्यांनी पोरीला रागवायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "किती वेळात गेलीस?"

त्यानंतर जिल्हा झाला, राज्य झालं, देशाचं शिबिर झालं. शेवटी बेल्जियममधल्या एका लहानशा संघाने तिला बोलावलं. पहिला हंगाम खेळून ती ऑक्टोबरात घरी आली होती आणि फेब्रुवारीपर्यंत इकडच्या कोरड्या हवेत सराव करून परत जायची होती. करार एप्रिलअखेरपर्यंत. तेवढ्यात तिचं काम पटलं तर पुढचा करार, नाहीतर परतीचं तिकीट. आणि मधे मी.

घरी आल्यावर आमच्या कुसुमने मला जेवायला वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "तीस वर्षं कंपनीचा माल रिजेक्ट केलात. आता बाहेरचा सुरू केलात होय?"

त्या दिवसापासून मी रोज गॅरेजात जाऊन बसू लागलो. जहीरभाई मला रागावले नाहीत, हेच फार लागलं. त्यांनी पहिल्या दिवशी बसायला जुना टायर दिला, दुसऱ्या दिवशी स्टूल, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "साहेब, हाड जुळेल हो. पण तो ब्रेकर काढा. काल माझंच गिऱ्हाईक पडलं." तो मी सोनबाकडून फोडून घेतला. जहीरभाईंनी हिशेब केला की गिऱ्हाईक पडलं तर गॅरेजला बरंच की, पण तो त्यांनी मोठ्याने केला नाही, फक्त हसले. तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

दहाव्या दिवशी हात झोळीत अडकवून अलमास स्टँडला बांधलेल्या सायकलवर बसली. मागचं चाक फिरतं, सायकल जागेवर. डावा हात गळ्यात, उजवा हँडलवर, आणि नजर समोरच्या भिंतीवर, जिथे इंजिन ऑइलच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. तासभर ती त्या कॅलेंडरकडे बघत पॅडल मारायची. मी हातात घड्याळ धरून बसायचो, कारण काहीतरी धरल्याशिवाय मला पश्चात्ताप नीट करता येत नाही.

मी विचारलं, "काय दिसतं गं तुला त्या भिंतीत?"

"रस्ता."

"कसा?"

मग ती सांगायची. पॅडलच्या ठेक्यावर, तुटक तुटक. तिकडचे रस्ते आपल्या शेतातल्या वाटेएवढे अरुंद. दोन्ही बाजूंना सपाट, ओली, हिरवी शेतं, आणि त्यांत गाई इतक्या स्वच्छ की आत्ताच कोणी पुसून ठेवल्यासारख्या. काही ठिकाणी डांबर संपतं आणि दगडगोटे सुरू होतात. तिथून जाताना दात एकमेकांवर आपटतात, म्हणून तोंड किंचित उघडं ठेवायचं. गावातल्या चर्चपासून शर्यत निघते. म्हातारे लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि त्यांना प्रत्येकीचा नंबर पाठ असतो. तिच्या पहिल्या शर्यतीत पाऊस होता. विसाव्या किलोमीटरला ती मागे पडली, चाळिसाव्याला एकटी उरली. शेवटच्या मुलीच्या मागून एक गाडी येते आणि तिच्यावर झाडू बांधलेला असतो. मागे राहिलेल्यांना ती गोळा करते.

"झाडू?" मागच्या घराच्या दारात कांदा चिरता चिरता तिची आई, निलोफरभाभी, म्हणाल्या. "झाडू मारतात पोरींना?"

"मारत नाहीत, अम्मी. गाडीवर बांधतात."

"ते एकच झालं," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा. इथं टँकर आला की ही हंडा घेऊन बाहेर जायला लाजायची. आता विमानात बसून तिकडं जाते आणि काय करते? पाणी भरते!"

हे खरं होतं आणि ते समजायला मला आठवडा लागला. संघात सहा मुली. त्यातली एक म्होरकी, तिचं नाव एल्के. बाकीच्या पाच जणींनी जिंकायचं नसतं. पाच जणींनी एल्केला जिंकू द्यायचं असतं. त्यासाठी मागे येणाऱ्या संघाच्या गाडीकडे जायचं, बाटल्या घ्यायच्या, पाठीवर, छातीवर, अंगरख्यात कोंबायच्या, त्या ओझ्यासकट शंभर मुलींना ओलांडून पुन्हा पुढे यायचं आणि वाटायच्या. आणि वारा असेल तेव्हा एल्केच्या पुढे राहायचं. पुढची वारा कापते, मागची तिच्या आडोशाला चालते. आडोशाला असणारीला निम्मीच मेहनत पडते. शेवटपर्यंत एल्केचे पाय ताजे राहिले पाहिजेत, आणि त्यासाठी अलमासचे संपले पाहिजेत.

"म्हणजे हेल्पर," जहीरभाई म्हणाले. त्यांना ते क्षणात कळलं. "बेगम, हेल्परशिवाय इंजिन उतरतं का खाली? आणि इंजिन उतरलं तर नाव कोणाचं होतं? मिस्त्रीचं. रीतच आहे."

निलोफरभाभींनी कांदा जास्त जोरात चिरला.

गल्लीतल्या उत्साही मंडळींनी मात्र ऑक्टोबरातच चौकात मोठा फ्लेक्स लावला होता: "युरोप गाजवून परतलेल्या महाळुंगेकन्येचे हार्दिक स्वागत." त्यावर अलमासचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे बावीस फोटो मोठे होते. तिचा सगळ्यात वरचा नंबर एकाहत्तर. तिने ते लपवलं नाही, पण कोणी विचारलंही नाही.

पंधरा जानेवारीला झोळी सुटली, तेव्हा तिने मला मोबाइलवर एक पत्र दाखवलं. संघाच्या मॅनेजरबाईंचं. तिने मराठी करून सांगितलं ते एवढंच होतं: तू संघातली सगळ्यात ताकदवान मुलगी आहेस. पण तू मागे बघत नाहीस.

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी एका शर्यतीत एल्केला माझ्या मागे ठेवायचं होतं. वारा जोरात होता. मी पुढे लागले आणि मला मजा यायला लागली, काका. पाय असे चालले होते! दहा मिनिटांनी मागे बघितलं तर एल्के नाहीच. पार मागे राहिली होती. मी एकटीच वारा कापत होते, कोणासाठी तेच माहीत नाही." तिने मोबाइल खिशात टाकला. "मार्चमध्ये पुन्हा असं झालं तर संपलं. मला मागच्याला बरोबर ठेवून जायला शिकायचंय. त्यासाठी मागे कोणीतरी पाहिजे."

"तुझ्या बरोबरीच्या पोरी असतीलच की पुण्यात."

"त्या चांगल्या चालवतात. त्या सुटतच नाहीत. मला मागे सहज सुटेल असा माणूस पाहिजे." तिने माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे, विचारपूर्वक बघितलं. "दम लवकर लागणारा."

माझी इतकी लायकी असलेलं काम मला आयुष्यात प्रथमच मिळत होतं.

आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो. इथल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि त्या सकाळी चाकणच्या बाजूचे रस्ते बघावेत. एरवी जिथे कंटेनरच्या मागे कंटेनर, कंपनीच्या बसच्या मागे बस, तिथे एक कुत्रं मध्यावर अंग ताणून झोपलेलं असतं. निळ्या पत्र्यांचे मोठाले शेड धुक्यात अर्धे बुडालेले असतात. कुठे भोंगा नाही, कुठे प्रेसचा धप्प आवाज नाही. दोन कारखान्यांच्या मधे कोणीतरी विकायचं राहिलेलं ज्वारीचं एक शेत उभं असतं, आणि त्यातून धूर निघावा तसं धुकं निघत असतं. मी तीस वर्षं या रस्त्यांवरून गेलो, पण बसमध्ये, झोपेत. ते इतके सुंदर आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जहीरभाईंनी माझ्यासाठी एक जुनी सायकल तयार केली. सीट रुंद बसवलं, "साहेबांच्या मापाचं" म्हणून. पहिल्या गुरुवारी आम्ही सहा वाजता निघालो. ठरलं असं, की देहूपर्यंत आरामात जायचं आणि येताना, जेव्हा वारा समोरून असतो, तेव्हा ती पुढे आणि मी मागे. मी एल्के.

येताना देहू सोडल्यावर पाच मिनिटांत ती दिसेनाशी झाली. मी रस्त्याकडेच्या टपरीवर बसलो, पोहे खाल्ले, एक चहा घेतला, दुसरा मागवला. वीस मिनिटांनी ती उलट दिशेने आली, चेहरा लाल.

"काका, तुम्ही कुठे होतात?"

"मी मागेच होतो. तू जरा फारच पुढे होतीस."

तिने कपाळावर हात मारला. दुसऱ्या गुरुवारीही तेच झालं, फक्त पोह्यांऐवजी मिसळ होती. मला ही पद्धत मानवत होती. पण त्या दिवशी परत आल्यावर ती सायकल टेकवून आमच्याच पायरीवर बसली आणि बोटांवर गुरुवार मोजायला लागली. चौदा तारखेपर्यंत दोनच गुरुवार उरले होते. कुसुमने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "अगं, हे मागे आहेत की नाहीत हे कळायला मागे बघायला कशाला लागतं? यांना बोलायला सांग. मला स्वयंपाकघरातून कळतं हे घरात कुठे आहेत ते."

अलमासने मान वर केली. "काकू, भारी."

तिसऱ्या गुरुवारचा माझा एकमेव नियम: तोंड बंद करायचं नाही. मी निघालो आणि बोलायला लागलो. माझ्या गावच्या, पाटोद्याच्या, शाळेत गुरुजी शाईच्या दौती कशा लपवायचे ते सांगितलं. भोसरीतल्या पहिल्या नोकरीत मी साहेबांचाच मायक्रोमीटर चुकीचा ठरवून रिजेक्ट केला होता ते सांगितलं. कुसुमला बघायला गेलो तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीने माझ्या चपला कुठे टाकल्या ते सांगितलं. दम असला की माझी वाक्यं लांब होतात. दम संपायला लागला की त्यांतली विशेषणं गळतात, मग क्रियापदं गळतात, शेवटी नुसतं "आणि... मग... तो..." उरतं. अलमासने दहा मिनिटांत हे यंत्र ओळखलं. वाक्य तुटलं की ती किंचित सैल पडायची. वाक्य पुन्हा भरलं की वेग वाढवायची. मी आयुष्यभर मोजमापाची साधनं हाताळली. त्या दिवशी मीच एक साधन झालो होतो, आणि मला सांगायला संकोच वाटत नाही, माप अचूक येत होतं.

इंद्रायणीचा पूल मागे पडला आणि वारा समोरून आला. गार, भरलेला, छातीवर तळवा ठेवून ढकलणारा. माझी सायकल थांबल्यासारखी झाली. तिने एक हात मागे नेऊन बोटांनी खूण केली: जवळ या. मी जीव खाऊन जवळ गेलो. माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकापासून वीतभरावर आलं आणि वारा बंद झाला.

कमी झाला, असं मला म्हणायचं नाही. बंद झाला. कोणीतरी उठून खिडकी लावून घ्यावी तसा. दोन्ही बाजूंनी तो सूं सूं करत जात होता, कडेचं गवत आडवं होत होतं, आणि मधे माणसाएवढ्या रुंदीची एक खोली होती आणि मी त्या खोलीत बसलो होतो. पाय फिरत होते पण ते माझे आहेत अशी खात्री वाटेना. पुढे एक सडपातळ पाठ, तिच्या डाव्या खांद्याजवळ कपड्याखालून जरासा वर आलेला हाडाचा सांधा. मी मोडलेलं हाड वारा कापत होतं आणि त्याच्या आडोशाला मी होतो. निळे शेड तरंगत मागे जात होते. धुक्यातून एका कंपनीचा पाण्याची उंच टाकी वर आली आणि क्षणभर मला ती बेल्जियममधल्या चर्चचा मनोरा वाटली. कुंपणाशी दोन म्हशी उभ्या होत्या. त्या मला पुसून ठेवल्यासारख्या दिसल्या. आता खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे दिसतील, माझा नंबर वाचतील आणि आपसात म्हणतील, अरे, हा पाटोद्याचा का?

"काका! बोला!"

मी गप्प झालो होतो. दम लागून नव्हे. पहिल्यांदाच मला बोलावंसं वाटत नव्हतं.

"आहे मी!" मी ओरडलो.

महाळुंग्याच्या वळणावर मी तिच्या मागेच होतो. तेही मिसळ न खाता. तिने घड्याळ बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. हसू नव्हतं. खोल कुठेतरी एक नट बरोबर आट्यावर बसावा तसं काहीतरी होतं.

चौथ्या गुरुवारी आम्ही तेच पुन्हा केलं, पण तिने नियम बदलला. "आता बोलायचं नाही, काका. एल्के शर्यतीत बोलत नाही."

"मग तुला कळणार कसं?"

"श्वास ऐकते."

ती माझा श्वास ऐकत गेली आणि मी एकदाही सुटलो नाही. कुसुमला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तीस वर्षं मी तुमचं बोलणंही ऐकतेय आणि घोरणंही. मला कुठल्या देशाने करार दिला?"

चौदाला ती गेली. निलोफरभाभींनी सामानात सुकं खोबरं घातलेली लसणाची चटणी दिली आणि निरोपाला फक्त एवढंच म्हणाल्या, "पाणी भरच, पण आधी स्वतः पी."

मार्चमधल्या दोन शर्यतींत पाऊस होता, वारा नव्हता. म्हणजे तिचं काम दिसलंच नाही. मॅनेजरबाई हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. सगळं एप्रिलमधल्या एका शर्यतीवर आलं. एकशे तीस किलोमीटर, आणि अलमासने आदल्या दिवशी कळवलं की उद्या वारा आहे, आडवा.

आम्ही संध्याकाळी गॅरेजात जमलो. जहीरभाईंनी मोबाइल ऑइलच्या डब्याला टेकवून ठेवला. चित्र यायचं, गोठायचं, पुन्हा यायचं. बोलणारा माणूस अगम्य भाषेत बोलत होता. हिरवी शेतं दिसली. गाई खरोखरच स्वच्छ होत्या. मग रस्ता एका कालव्याच्या कडेला वळला आणि मुलींची ती लांबलचक रांग तुटली. वारा बाजूने आला होता. रस्त्यावर तिरप्या रांगा झाल्या, पंख्याची पाती उघडावीत तशा, आणि मागच्या मुली एकेक गळायला लागल्या.

"ती!" जहीरभाई स्टुलावरून उठले. "लाल हेल्मेट. पुढंच आहे!"

लाल हेल्मेट सगळ्यात पुढे होतं. तिच्या मागे एक उंच मुलगी, मान खाली घातलेली. त्या उंच मुलीच्या अंगावर वारा नव्हता हे माझ्याशिवाय त्या खोलीत कोणाला कळलं नसेल. मला तिथे बसून ते अंगावर जाणवलं. लाल हेल्मेट मागे वळून बघत नव्हतं, पण मधूनच किंचित सैल पडत होतं, पुन्हा घट्ट होत होतं. आम्ही कोणीच पापणी हलवली नाही. वाटेतल्या एकेक संघाच्या मुली मागे सरत गेल्या. पंचवीस मिनिटं ते असंच चाललं. मग चित्र गोठलं.

चित्र परत आलं तेव्हा वीस किलोमीटर उरले होते आणि पुढे आठच मुली होत्या. उंच मुलगी त्यांच्यात होती. लाल हेल्मेट नव्हतं.

"मागं असेल," जहीरभाई म्हणाले.

आम्ही शेवटपर्यंत शोधलं. उंच मुलगी दुसरी आली. मग निकालाची यादी आली. जहीरभाईंनी बोटाने ती सरकवत नेली. पन्नास, साठ, नव्वद. अगदी तळाशी, नंबर नसलेल्या नावांत तिचं नाव होतं, आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं. शर्यत पूर्ण केली नाही.

निलोफरभाभींनी पदर डोळ्यांना लावला. "पडली का?" त्यांनी तीनदा विचारलं. जहीरभाईंनी एक पाना उचलला, पुसला, जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. हाड. सहा आठवड्यांच्या ऐवजी पाचव्यालाच मी तिला रस्त्यावर जाऊ दिलं. एवढ्या वाऱ्यात ते टिकलं नसणार. त्या सगळ्या मिसळींची, त्या सगळ्या विशेषणांची मला लाज वाटायला लागली.

तासाभराने फोन वाजला. जहीरभाईंनी तो कानाला लावला, ऐकला, आणि खाली बसले. स्टुलावर नव्हे, सरळ जमिनीवर, जुन्या टायरला पाठ टेकून.

"दोन वर्षं," ते निलोफरभाभींना म्हणाले. "दोन वर्षांचा करार दिला, बेगम. मॅनेजरबाईने संघाच्या बसमध्येच सही करून घेतली."

निलोफरभाभींना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्या चहा टाकायला गेल्या. मी फोन मागून घेतला. पलीकडे खूप आवाज होता, कोणीतरी गात होतं, आणि त्यात अलमासचा आवाज घोगरा आणि शांत होता. मी अभिनंदन केलं, हाड विचारलं. हाड ठीक होतं. पण क्वालिटीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ती तळाची जागा काही केल्या सोडवेना.

"अगं, पण मग सोडलीस कशाला?" मी म्हणालो. "वीसच किलोमीटर उरले होते. हळूहळू, गप्पा मारत आली असतीस तरी यादीत नंबर लागला असता. इतकी मेहनत केलीस, शर्यत पूर्ण तरी करायचीस ना!"

"कशाला, काका? माझं काम झालं होतं."